रश्तची पन्हळ

ही अक्षरं माझ्या हातची आहेत. वाकडी आहेत, मला ठाऊक आहे. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं, पुढे हसण्यासारखं फार नाही.

हमदानच्या आमच्या गल्लीत तूबा खानूमच्या जिभेला सगळे वचकून असत. तूबा खानूम म्हणजे मीच. पाच लेकरं वाढवली, दिरांची भांडणं मिटवली, तीन सुना आणल्या, आणि तिघींनाही पहिल्या आठवड्यातच कळलं की या घरात चहाचा समोवार कोण पेटवतं आणि कोण विझवतं. पुढे नवरा गेला, लेकरं गावोगाव पांगली, पण माझा वचक तसाच राहिला. हमामात न्हायला मी शिरले की बायका सरकून जागा देत. नान भाजणाऱ्या नानवाईच्या दुकानात रांग इतरांसाठी होती, माझ्यासाठी नव्हती.

फक्त एक गोष्ट होती. मला वाचता येत नव्हतं.

हे कुणालाही माहीत नव्हतं. लहानपणी दोन हिवाळे मुल्लाबाईकडे गेले होते, तिथे कुराण पाठ झालं. पुस्तक मांडीवर उघडायचं, ओठ हलवायचे, कुठे पान उलटायचं तेही पाठ. बायका म्हणायच्या, "तूबा खानूम, आमच्या आजाऱ्यासाठी चार ओळी वाचा ना." मी वाचायची, म्हणजे म्हणायची. माणसाच्या हातचं लिखाण मात्र माझ्यासाठी कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं. मुलाचं पत्र आलं की मी पोस्टमनसमोर ते उघडायची, दोनदा मान डोलवायची, "बरं चाललंय त्याचं" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी चादर डोक्यावरून ओढून पार पलीकडच्या बाजारात, जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे, एका अर्ज लिहिणाऱ्याकडून वाचून घ्यायची. वीस वर्षं असं चाललं. चोराला जेवढी खबरदारी लागते तेवढी घ्यावी लागे.

आता अक्दसचं सांगते. अक्दस माझी शेजारीण. विधवा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला हळू, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखी. तिच्या माझ्या घराची एक भिंत सामाईक, कच्च्या विटांची. त्या भिंतीला लागून पलीकडे तिचा माग होता. दिवसभर ठक ठक ऐकू यायची, फणीनं गाठी दाबल्याची. ती आणि तिची मुलगी गुलंदाम दोन वर्षं एकच गालिचा विणत होत्या. गुलंदामचं लग्न मलायरच्या मुलाशी ठरलं होतं, वसंतातला नौरोजचा सण झाला की लग्न, आणि मुलगी नेणार काय, तर तो गालिचा. बाकी त्या घरात देण्यासारखं काही नव्हतं. हे मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

त्या वर्षी शरदात मी रश्तला गेले, माझा मुलगा इरज तिथे कचेरीत आहे. रश्तला पाऊस बारा महिने रडत असतो. घरांना उतरती कौलं, आणि कौलांच्या कडेनं पत्र्याच्या पन्हळी, रंगवलेल्या, त्यांना खाली जोडलेले बंद नळ. पाणी आत शिरतं ते थेट जमिनीशी बाहेर येतं, भिंतीला थेंब लागत नाही. सून म्हणाली, "आई, किती नीटस दिसतं ना?" मी तिच्यापुढे काही बोलले नाही. सुनेसमोर कशाचंही कौतुक करू नये, ती डोक्यावर बसते. पण मनात धरलं.

आमच्याकडे धाबी असतात, सपाट, वर माती-भुशाचा गिलावा. माझ्या धाब्याला सासऱ्यांच्या वेळची पन्हळ होती, तुतीचं खोड पोखरून केलेली, अंगणाच्या बाजूला, दक्षिणेला. काळी पडलेली, तोंड वासलेली. इतकी वर्षं तिच्यात काही वाईट दिसलं नव्हतं. रश्तहून आले आणि ती मला बोळक्या म्हातारीसारखी दिसायला लागली.

उस्ता सफरला बोलावलं. पत्र्याचं काम करणारा, हमदानात त्याच्या हाताला तोड नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "खानूम, रश्तला वरून पाणी पडतं. आपल्याकडे बर्फाचं पीठ पडतं. पिठाला नळ कशाला?"

"तू पत्रा काप, उस्ता. अक्कल पाजळू नकोस."

"पत्रा कापतो की. पण ऐका. आपल्या हवेत पन्हळ उघडी पाहिजे. तोंड रुंद, दोन बोटं उतार, भिंतीपासून दीड हात पुढे, आणि उन्हाकडे. दुपारी जेवढं वितळेल तेवढं गळेल. उरलेलं गोठलं तर काठीनं पाडता येतं. बंद नळात गोठलं तर कोण काढणार? तुम्ही शिरणार आत?"

"तुझी बायको घरात बोलू देत नाही, म्हणून इथे येऊन बोलतोस का रे?"

उस्ता हसला. बिचारा. "बरं, पत्र्याचीच हवी तर पत्र्याची करू. पण उघडी ठेवू, अंगणाकडे ठेवू. आणि हिवाळ्याआधी चिमण्यांची घरटी, अक्रोडाची पानं काढत चला, म्हणजे—"

"गल्लीकडे," मी म्हटलं. "दाराशेजारच्या कोपऱ्यात. आणि वरच्या तोंडाला ट्यूलिपचं फूल काढ पत्र्याचं."

"गल्लीची बाजू उत्तरेची आहे, खानूम. तिथे हिवाळाभर ऊन येत नाही."

"ऊन नसलं तरी माणसं येतात ना? मग झालं."

म्हणजे बघा, शहाणपण माझ्या दारात चालत आलं होतं, हातात कात्री घेऊन. मी त्याला फूल काढायला लावलं.

कोपरा होता तो माझ्या दाराच्या आणि अक्दसच्या दाराच्या मधला, सामाईक भिंत जिथे गल्लीला मिळते तिथला. उस्ता खिळे ठोकत होता तेव्हा अक्दस बाहेर आली, दातांत लाल लोकरीचा धागा तसाच.

"तूबा खानूम," धागा काढून ती म्हणाली, "आपल्या धाब्याचं पाणी आपल्या अंगणात पाडावं, हे तुम्हीच मला शिकवलंत, मी नवी नवरी होते तेव्हा."

"पाणी नळातून जमिनीत जाणार आहे. तुझ्या डोक्यावर नाही पडत."

"या कोपऱ्यापलीकडे माझा माग आहे."

"मग माग हलव."

"माग काय घोंगडी आहे, झटकून दुसरीकडे टाकायला? ताणा चढलेला आहे, दोन वर्षांचा."

"मग डोळे हलव. दुसऱ्याच्या पन्हळीवर लावू नकोस."

उस्ता सफर शिडीवर होता, तो खिळे मोजत राहिला. अक्दसनं माझ्याकडे पाहिलं, धागा परत दातांत धरला आणि आत गेली. त्या दिवसापासून आमचा अबोला. माझी बाजू खरी आहे अशी माझी खात्री होती. खात्री असणं मला फार सोपं जाई.

जुन्या तुतीच्या पन्हळीचं तोंड मी माती-भुशानं बुजवून टाकलं. आता तिचं काय काम?

पहिला बर्फ लवकर आला. सकाळी दार उघडलं तर गल्ली पांढरी, हवा इतकी कोरडी की श्वास घेतला की नाकात सुई टोचावी. आमच्याकडे पहिल्या बर्फाचं पत्र असतं. वाडग्यात बर्फ भरायचा, वर कागद ठेवायचा, कागदावर लिहायचं, "बर्फ आमच्याकडून, अमुक तुमच्याकडून," आणि कुणाच्या तरी घरी नेऊन द्यायचं. घरच्यानं नकळत वाडगा हातात घेतला की तो हरला, कागदात मागितलेलं त्यानं द्यायचं, पुलावाची मेजवानी नाहीतर आणखी काही. पण आणणाऱ्याला पळून जायच्या आत पकडलं तर तो हरला. मग त्याच्या तोंडाला काजळी फासायची आणि मेजवानी त्याच्या घरची. भांडणातसुद्धा हे चालतं. अबोला असला तरी बर्फाचं पत्र येऊ शकतं, कारण बोलतो तो बर्फ, माणूस नाही.

गुलंदाम आली, वाडग्यावर फडकं घालून. मी समोरच्या चार बायकांशी बोलत होते. तिनं वाडगा माझ्या हातात दिला, आणि मी घेतला. फडकं काढलं, बर्फ. वर घडी घातलेला कागद.

आता पोरीनं पळायला हवं होतं. ती पळाली नाही. उभी राहिली, हात शालीत, ओठ निळे. मला वाटलं, माझ्या धाकानं पाय गोठलेत.

कागद उघडला. दरवर्षीच्या पत्रांत एक ओळ असते, हे अर्ध्या पानाचं होतं. मी वरून खाली डोळे फिरवले, ओठ हलवले. गुलंदाम सहावीपर्यंत शिकलेली, अक्षर तिचं बारीक, एकाला एक चिकटलेलं. मला एक अक्षर लागलं नाही. पण लागण्याची गरजही वाटली नाही. बर्फाच्या पत्रात आणखी काय असणार? मेजवानीच असणार. आणि एवढं लांब म्हणजे यादीच दिली असणार, पुलाव, कोंबडी, अक्रोडाचं सार, भाताची खरपुडी.

"वाचलं!" मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हावरेपणालाही काही हद्द असते, तुझ्या आईला सांग. एवढं सगळं एकदम? नौरोज होऊ दे, मग बघू."

गुलंदामचा चेहरा उतरला. "मावशी... नौरोजनंतर? तोवर फार उशीर होईल."

"कसला उशीर? सासरी जायच्या आत पोट भरून घ्यायचंय होय?"

बायका हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं.

"म्हणजे... आईला हेच सांगू? तुम्ही वाचलंत आणि नौरोजनंतर म्हणालात?"

"शब्द न् शब्द वाचला म्हणून सांग. मी काय आंधळी आहे?"

ती गेली. कागद मी कुराणाच्या पानांत ठेवला. का ठेवला? पलीकडच्या बाजारातल्या त्या माणसाकडे न्यावा असं दोनदा मनात आलं होतं. पण बर्फ होता, गुडघा दुखत होता, आणि मेजवानीची यादी वाचून घ्यायला एवढं कोण चालणार?

बर्फ पडला की धाबं लगेच लोटावं लागतं, ऊन चढायच्या आत. नाहीतर ऊन वरचा थर वितळवतं, खाली पाणी साचतं, दुपार कलली की त्याचा दगड होतो. हे इथल्या लेकरालाही कळतं. फावडेवाले गल्लीतून ओरडत जात, "बर्फ लोटायचा का, बर्फ!" त्या वर्षी मी त्यांना दारातून परत पाठवलं. "माझ्याकडे नळ आहे. वितळेल ते खाली जाईल." फावडेवाला वर बघून म्हणाला, "खानूम, फूल छान आहे हो." तो चेष्टा करत होता हे मला आज कळतंय.

दीड महिना गेला. बर्फ पडे, ऊन पडे, पुन्हा बर्फ. धाबं उन्हात, नळ सावलीत. वर वितळलेलं पाणी नळाच्या तोंडाशी यायचं आणि तिथेच गोठायचं. एक दिवस पाहिलं तर नळाला पोट आलं होतं, दिवस भरलेल्या बाईसारखं. दुसऱ्या दिवशी शिवण उसवली आणि आतून बर्फाची जीभ बाहेर आली.

इथे मी खोटं लिहू शकते. लिहीत नाही. मी ते पाहिलं. उस्ता सफरला बोलवायला हवं होतं, शिडी लावून धाब्यावर जायला हवं होतं, निदान जुन्या पन्हळीचं तोंड फोडायला हवं होतं. मी काय केलं, तर जुनं पोतं आणलं आणि नळाला गुंडाळलं, वरून सुतळीनं बांधलं. समोरच्या बाईनं विचारलं, "हे काय हो?" म्हटलं, "रंग उडू नये म्हणून."

त्याच सुमारास पलीकडची ठक ठक थांबली. आणि खुदा मला क्षमा करो, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, दुपारची झोप तरी नीट लागेल.

भिंत पडली ती दुपारी, ऊन ऐन डोक्यावर असताना. मी रजईखाली पाय घालून, शेगडीच्या उबेला द्राक्षाच्या पाकात बुडवलेला बर्फ खात होते. आधी काहीतरी ओलं घसरल्यासारखं झालं, मग धप्प. भांडी हलली. माझ्या खोलीच्या कोपऱ्यातून उजेड आला, जिथून कधी आला नव्हता, आणि त्या भगदाडातून मला अक्दसची खोली दिसली.

माग तिरपा झालेला. ताण्याच्या सुतांवर चिखलाचा ढीग. गालिचा जवळजवळ पुरा विणलेला, त्याचा खालचा अर्धा पाण्यात. मंजिष्ठेचा लाल रंग पांढऱ्यात उतरलेला, जखमेला बांधलेल्या फडक्यासारखा. भिंतीच्या कडेनं मातीचे बांध, राखेचे ढीग, घोंगड्या, दोन शेगड्या. म्हणजे मायलेकी आठवडेभर हे करत होत्या, विणायचं सोडून. भिंत सुकवत होत्या. म्हणून ठक ठक थांबली होती.

अक्दस आणि गुलंदाम दोघी सुदैवानं अंगणात होत्या.

गल्ली जमा झाली. मी चादर डोक्यावर घेऊन दारात आले तेव्हा कुणीतरी पोतं काढलं होतं. फुटका नळ, त्यातून बर्फाचा खांब, वर ट्यूलिपचं फूल. सगळे तिकडे बघत होते. अक्दस पुढे आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि तेही हळूच.

"पत्रात लिहिलं होतं ना सगळं?"

"कुठलं पत्र?" मी म्हटलं, आणि म्हणतानाच कुराणातला तो कागद आठवला.

"पहिल्या बर्फाचं. नळाचं लिहिलं होतं, भिंतीला ओल आली ते लिहिलं होतं, मागाचं लिहिलं होतं. बोलत नव्हतीस म्हणून लिहिलं."

समोरची बाई, जी त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसली होती, ती म्हणाली, "हिनं वाचलं होतं. आमच्यासमोर वाचलं. शब्द न् शब्द वाचला म्हणाली."

"नौरोजनंतर बघू म्हणाली," दुसरी म्हणाली. "आम्हाला काय माहीत, कशाबद्दल ते."

आता पाहा. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे सांगायचं, "बायांनो, मला वाचता येत नाही. मला वाटलं पुलाव मागितलाय." मग मी मूर्ख ठरले असते, ढोंगी ठरले असते, वीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी वाचल्याचं सोंग केलं ते उघडं पडलं असतं. पण दुष्ट ठरले नसते. दुसरी वाट म्हणजे गप्प बसायचं, आणि पोरीचा गालिचा जाणूनबुजून बुडवणारी बाई ठरायचं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. गुलंदामच्या हातात चिखलानं भरलेली फणी होती.

"हो," मी म्हटलं. "वाचलं होतं."

कुणी ओरडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. अक्दस फक्त मागे सरकली, अंगावर काही उडू नये म्हणून सरकतात तशी.

भिंत मी बांधून दिली. त्याचं कौतुक नको, ती अर्धी माझीच होती. नळ उपटला, तुतीच्या पन्हळीचं तोंड फोडलं. गालिच्यासाठी लोकर पाठवली, ती उंबऱ्यावर तशीच पडून राहिली, शेवटी मांजर तिच्यावर व्यालं. ताणा कुजला होता. चांगला राहिलेला तुकडा त्यांनी कापून घेतला, धुतला, कडा शिवल्या, आणि गुलंदाम नौरोजनंतर तो निम्मा गालिचा घेऊन सासरी गेली. वरातीत मुलाच्या आईनं विचारलं म्हणे, "उरलेला निम्मा कुठे ठेवलात?" हे मला नानवाईच्या दुकानात ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच बोललं गेलं.

रांग आता माझ्यासाठीही होती. हमामात मात्र जागा पूर्वीपेक्षा जास्त मिळायची, माझ्या दोन्ही बाजूंना. आजाऱ्यासाठी वाचायला कुणी बोलवेना. आणि लोक आपसांत म्हणत, "पावसातून पळाला आणि पन्हळीखाली उभा राहिला," जुनीच म्हण, पण माझ्याकडे बघून.

शाळेत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी नाव घातलं, आमच्या वस्तीतल्या नव्हे, पलीकडच्या बाजाराजवळच्या वर्गात. सवय जात नाही. बाकावर गुडघे मावेनात. मास्तरीण माझ्या नातीएवढी, म्हणाली, "आजी, पाणी लिहा." मी पाणी लिहिलं. मग भाकरी. दोन हिवाळे लागले. सगळ्यांना वाटायचं म्हातारीला हौस आहे. एकदा मास्तरणीनं विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाचायचंय?" म्हटलं, "एक कागद आहे घरी."

तो कागद मी कुराणातून काढला, खिडकीशी बसले, बोट ठेवत ठेवत वाचला. सकाळपासून दुपारची अजान होईपर्यंत. त्यात लिहिलं होतं:

"बर्फ आमच्याकडून, पन्हळ तुमच्याकडून. तूबा खानूम, आई सांगते आणि मी लिहिते. या खेळात तुम्ही हरलात तर आम्हाला मेजवानी नको. एवढंच द्या, की जुनी पन्हळ हिवाळ्यापुरती उघडा. नळ राहू दे, शोभेला छान आहे. तुमचा गुडघा दुखतो हे आईला माहीत आहे, म्हणून धाब्यावरचा बर्फ आम्ही दोघी रोज पहाटे लोटू, तुम्हाला उठायला नको. फक्त हो म्हणा, म्हणजे तुमच्या जिन्यावरून वर येता येईल. भिंतीला आत्ताच ओल आहे, आणि तिला लागूनच आमचा माग आहे. हो म्हणालात तर मेजवानी आम्हीच करू. आई म्हणते, तुमच्याशी न बोलता घर सुनं वाटतं."

फक्त हो म्हणायचं होतं. पोरगी त्यासाठी थांबली होती.

कागद मी परत ठेवला. त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला तेव्हा मी वाडगा भरला. कागद आदल्या आठवड्यातच लिहून ठेवला होता, चार वेळा फाडून पाचव्यांदा. म्हाताऱ्या बायका तो पोरांच्या हाती पाठवतात, पण मी स्वतः गेले. तीन पावलांवर दार, आणि मला वाटलं मलायरपर्यंत चालत आले. समोरच्या बायका दारं झाडत होत्या, त्या थांबल्या.

अक्दसनं दार उघडलं. मी वाडगा पुढे केला. तिनं घेतला, फडकं काढलं, बर्फ पाहिला, मग मला पाहिलं. मला पळायला हवं होतं. मी उभी राहिले.

तिनं माझं मनगट धरलं. "पकडलं."

"धर," मी म्हटलं. "पळायला नाही आले."

तिनं कागद उघडला, उलटा धरला, सुलटा केला. मग माझ्यापुढे धरला. "वाचून दाखव."

"तूच वाच की."

"मला कुठे येतं वाचायला? गुलंदाम होती तोवर ती वाचायची. तुला येतं ना. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. किती सहज म्हणाली ती, मला कुठे येतं वाचायला! भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि हेच एक वाक्य म्हणावं लागू नये म्हणून मी तिची भिंत पाडली होती, पोरीचा गालिचा बुडवला होता, आणि वर दुष्टपणा मिरवला होता.

बायका आता जवळ आल्या होत्या. मी कागद घेतला. 

"बर्फ आमच्याकडून," मी वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर. "लाज पण आमच्याकडून. अक्दस, तुझं पत्र मी तेव्हा वाचलं नाही. मला वाचता येत नव्हतं. मला वाटलं पुलाव मागितलास. पन्हळ फुटलेली मी पाहिली होती, ती झाकली. वाचता येत होतं असं खोटं बोलले. तूबा."

समोरची बाई म्हणाली, "म्हणजे आमच्या म्हातारीच्या उशाशी जे वाचलंत ते?"

"पाठ होतं," मी म्हटलं.

"अगं बाई!"

 माझं मनगट अक्दसनं सोडलं नव्हतं. मग तिनं दुसऱ्या हाताचं बोट दाराआडच्या समोवाराच्या नळकांड्यात घातलं, काळं करून बाहेर काढलं, आणि माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढलं. मग गालांवर. हसत नव्हती. हळूहळू, नीट, गालिच्याची कड विणावी तसं.

"पुलाव?" ती म्हणाली.

"पुलाव. कोंबडी. खरपुडी."

"एवढी यादी मी देईन असं वाटलं तुला?"

"मी दिली असती."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू बाहेर आलं नाही. "ऊन चढतंय," ती म्हणाली. "धाबं लोटलंस?"

"नाही अजून."

"मग जा आधी. माझ्या भिंतीच्या बाजूनं सुरू कर. आणि पुसू नकोस ते तोंड, काम होईपर्यंत."

मी घरी आले, फावडं घेतलं, गुडघा धरत जिना चढले. वर बर्फ पिठासारखा कोरडा होता, एका लोटात सरकत होता. तिच्या भिंतीच्या बाजूनं सुरुवात केली. खाली गल्लीतून फावडेवाला ओरडत गेला, वर पाहिलं त्यानं, थांबला.

"खानूम, तोंडाला काय झालं?"

"मीच काळं करून घेतलं," मी म्हटलं. "तू चालू लाग."